चिठ्ठीवर पाणीपण लिहा



द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की आमच्या तासगाव भागात दरवर्षी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "दादा, ०:०:५० टाकलं, तासभर ढवळलं, तरी अर्धं तळालाच बसलंय. माल डुप्लिकेट दिलाय का?"

मी उलटा प्रश्न विचारतो, किती किलो आणि किती पाण्यात? उत्तर बहुतेक वेळा असंच असतं, ५० लिटरच्या बॅरलमधे १० किलो.

आता हिशोब करा. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात ते साधारण ११० ग्रॅम विरघळतं, त्याच्या पुढं नाही. म्हणजे ५० लिटरमधे साडेपाच किलो. उरलेलं साडेचार किलो तुम्ही दिवसभर ढवळलं तरी विरघळणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाणी गार असतं, तेव्हा आणखी कमी. माल अस्सल असला तरी हेच होणार.

भेसळ आहे का ते बघायचं असेल तर तळाचा साका घ्या आणि त्याच्यावर भरपूर स्वच्छ पाणी ओता. विरघळला तर पाणी कमी पडलं होतं. कितीही पाणी ओतून ढवळलं तरी माती-रेतीसारखा चोथा उरत असेल, तर मग दुकानात जाऊन भांडा. निदान भांडण तरी खऱ्या कारणावरनं होईल.

मुद्दा असा की चिठ्ठीवर "०:०:५० – १० किलो" लिहिलेलं असतं, किती पाण्यात ते लिहिलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे, ज्या शिफारशीत पाणी लिहिलेलं नाही ती अर्धी शिफारस. मग ती दुकानदाराची असो, कन्सल्टंटची असो नाहीतर माझ्यासारख्या पेजवाल्याची असो.

माझी चूक आधी सांगतो

काही वर्षांपूर्वी माझ्या चिठ्ठीवर एकाखाली एक दोन खतं होती. १२:६१:० तीन किलो, कॅल्शियम नायट्रेट पाच किलो. दोन्ही पाण्यात विरघळणारी, दोन्ही चांगल्या प्रतीची. मी दोन्ही १०० लिटरच्या एकाच बॅरलमधे टाकली. बघता बघता बॅरलचं ताक झालं. पांढरंशुभ्र. मला वाटलं खत चांगलं फुटलंय.

व्हेंचुरी चालू केली, दहा मिनिटांत फिल्टर चोंदला. धुतला, परत चोंदला. रात्रीची लाईट, जायच्या आत पाणी संपवायचं होतं. मग मी जे केलं ते कुणी करू नका. मी फिल्टरची जाळीच काढून ठेवली.

आठ दिवसांत ओळीच्या शेंड्याची झाडं मलूल दिसायला लागली. ड्रीपर उघडून बघितले तर आत पांढरी पेस्ट. त्या हंगामात शेंड्याकडच्या घडांना फुगवण कमी मिळाली, तो माल वेगळ्या भावानं गेला. चिठ्ठीवर "वेगवेगळं द्या" लिहिलं नव्हतं हे खरं. पण ताक झालेलं डोळ्यांनी बघून पुढं ढकलणारा आणि जाळी काढणारा मीच होतो.

झालं काय होतं?

खत विरघळतं म्हणजे नुसतं बारीक होत नाही. पाणी त्याच्या कणाचे दोन भाग करतं. कॅल्शियम नायट्रेटमधला कॅल्शियम एकीकडं, नायट्रेट एकीकडं. १२:६१:० मधला अमोनियम एकीकडं, फॉस्फेट एकीकडं. पिकाची मुळी असे सुटे झालेले भागच घेते. मुळीला दात नाहीत, गोळा चावून खायला.

आता बॅरलमधे हे चौघं मोकळे फिरतायत. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची एकमेकांवर ओढ इतकी जबरदस्त की पाण्याला त्यांना वेगळं ठेवणं जमत नाही. दोघं जोडी जमवतात आणि घट्ट होऊन तळाला बसतात. तयार होतो कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडांमधे असतो त्याच जातकुळीचा पदार्थ. मी दोन महागडी विद्राव्य खतं विकत आणली आणि घरी बसून त्यांचं न विरघळणारं खत तयार केलं.

तसंच कॅल्शियम आणि सल्फेटचं. कॅल्शियम नायट्रेटबरोबर मॅग्नेशियम सल्फेट, ०:०:५० किंवा अमोनियम सल्फेट घट्ट बॅरलमधे घातलं की जिप्सम तयार होतो. फॉस्फेटचा गाळ ॲसिड सोडून बराचसा निघतो, माझा तसाच निघाला. जिप्सम मात्र ॲसिडला दाद देत नाही. शेजारच्या एका बागेत याच कारणानं लॅटरल बदलाव्या लागल्या.

ॲसिड ट्रीटमेंट करणाऱ्यांनी दोन गोष्टी गाठीशी बांधा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमधे ओतायचं नाही. ॲसिड पाण्यात मिसळताना उष्णता सुटते, थोडंसं पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं. आणि ॲसिड व ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू निघतो.

पॉलिहाऊसवाले ए टाकी आणि बी टाकी वेगळी ठेवतात ती हौस म्हणून नाही. एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. शेवटी ड्रीपच्या पाण्यात हे पातळ होऊन जातं, तिथं धोका कमी. खरा घात होतो तो घट्ट बॅरलमधे. पाणी क्षाराचं असेल तर पातळ झाल्यावरही गाळ धरतो.

वहीत लिहून ठेवा

२० अंशाच्या आसपास एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळतं, त्याचे ढोबळ आकडे:

युरिया – १ किलोच्या आसपास
कॅल्शियम नायट्रेट – १ किलोपेक्षा जास्त
मॅग्नेशियम सल्फेट – ७०० ग्रॅम
१२:६१:० – ३७० ग्रॅम
पांढरा पोटॅश (एमओपी) – ३४० ग्रॅम
१३:०:४५ – ३१० ग्रॅम
०:५२:३४ – २२५ ग्रॅम
०:०:५० – ११० ग्रॅम
बोरिक ॲसिड – ५० ग्रॅम

ही शेवटची मर्यादा आहे, रोजचं माप नाही. मी यातलं निम्मंच धरून चालतो, कारण बॅरलमधे एकच खत क्वचित असतं. ०:०:५० आणि १३:०:४५ दोन्हीत पालाश आहे. दोन्ही एकत्र टाकली की एक दुसऱ्याची जागा अडवतं आणि दोन्ही एकटी असताना विरघळली असती त्यापेक्षा कमी विरघळतात.

गार पाणी, गरम पाणी

लहानपणी युरिया कालवलेल्या बादलीत हात घातल्यावर गार लागायचं, आठवतंय ना? युरिया, १३:०:४५, कॅल्शियम नायट्रेट ही खतं विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. पाणी गार झालं की विरघळणं मंदावतं. आपण म्हणतो "आता विरघळेना", आणि वरनं आणखी टाकतो.

१३:०:४५ चा फरक तर फार मोठा आहे. ३० अंशाच्या पाण्यात लिटरला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास विरघळतं, १० अंशाला निम्म्याहून कमी, दोनशेच्या जवळपास. म्हणून तासगाव-कवठेमहांकाळच्या दुपारी जे माप चालतं ते महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याला थंडीतल्या सकाळी चालेलच असं नाही. संध्याकाळी कालवून ठेवलेल्या घट्ट द्रावणात सकाळी तळाला सुयांसारखे खडे दिसले, तर ते खत खराब झालेलं नसतं. पाणी गार झालं म्हणून जास्तीचं बाहेर पडलेलं असतं. पाणी वाढवा, उन्हात ठेवा, परत विरघळेल.

पण गरम म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. बोअरच्या जड पाण्यातला चुना उलटा वागतो. पाणी तापलं की तो बाहेर पडतो, गिझरच्या कॉईलवर बसतो तसा. उन्हात तापलेल्या काळ्या लॅटरलच्या तोंडाशी जो पांढरा खडा दिसतो तो हाच. टेंभू-म्हैसाळचं पाणी मिळणारा आणि फक्त बोअरवर बाग जगवणारा, दोघांना एकच चिठ्ठी कशी चालेल? मी बोअर आणि कॅनॉल अशा दोन्ही पाण्यांची तपासणी करून घेतो. सामू, ईसी, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, एवढे चार आकडे कळले तरी बरीच कोडी सुटतात.

फवारणीत सगळंच विरघळायचं नसतं

इथं आणखी एक गोंधळ आहे. "औषध पाण्यात विरघळवा" असं आपण सरसकट म्हणतो. पण मॅन्कोझेबसारखी डब्ल्यूपी पावडर विरघळत नाही, तिचे कण पाण्यात तरंगत राहतात. पंप बंद ठेवून चहाला गेलात की ती खाली बसते. मग सुरवातीच्या ओळींना एक डोस आणि शेवटच्या ओळींना दुसराच. ईसी औषध पाण्यात दुधासारखं होतं, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवलेले असतात. बेदाण्याचं डिपिंग तसंच आहे. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल. कार्बोनेट विरघळतं, ऑईल नाही. म्हणून ढवळत राहायचं, नाहीतर वरच्या क्रेटला तेलच तेल आणि खालच्याला नुसतं खारं पाणी.

जीए पावडर पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून आपण ती आधी ॲसिटोन नाहीतर अल्कोहोलमधे विरघळवतो आणि मग टाकीत घालतो. १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. त्यातली एक चिमूट जरी न विरघळता राहिली तरी माप चुकलं, आणि जीएचं चुकलेलं माप घडावर दिसल्याशिवाय राहत नाही.

आणि बोर्डो तर पूर्ण उलटा. १८८५ साली फ्रान्समधे मिलार्डेनं तो जगापुढं मांडला, तेव्हापासून त्यातली गोम एकच आहे. मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळतं आणि तसंच मारलं तर पान जाळतं. चुन्याची निवळी नाही, चुन्याचं दूध त्यात आलं की तांबं न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात जातं. तो साका पानाला चिकटतो आणि पावसादवात थोडं थोडं तांबं सोडतो. म्हणजे इथं साका हेच औषध. एक टक्का बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून बघायची. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. आमच्या आजोबांच्या पिढीला पीएच मीटर नव्हता, पण ही सुरी होती. तयार केलेला बोर्डो त्याच दिवशी संपवायचा.

म्हणजे एकाच टाकीत काय विरघळायचंय, काय तरंगायचंय आणि काय धरून ठेवायचंय, हे आधी कळलं पाहिजे. चार औषधं, दोन टॉनिक आणि वर एक सूक्ष्म अन्नद्रव्य असं एकत्र घालताना हे कोण बघतं?

जिप्समची गोणी आणि दहा सेंटिमीटर पाणी

आता कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांसाठी. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात जमिनी बिघडल्या हे काही नवीन नाही. माती तपासून जमीन चोपण निघाली की जिप्समची शिफारस होते. बरोबरच आहे. एकरी किती गोण्या ते लिहिलेलं असतं.

पण जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो. एक टन जिप्सम विरघळायला सुमारे चार लाख लिटर पाणी लागतं. एक एकरावर दहा सेंटिमीटर पाणी उभं केलं तर तेवढं होतं. जमिनीतला सोडियम कॅल्शियमला जागा देत जातो, त्यामुळं शेतात विरघळणं जरा पुढं सरकतं, पण हिशोबाचा अंदाज हाच. एका टनाला हे, मग तीन-चार टनांना किती?

आणि ते पाणी सोडियम घेऊन खाली निघून गेलं पाहिजे. चर नाही, निचरा नाही, खालचं पाणी वर आलेलं, अशा रानात जिप्सम विस्कटून दिला तर तो पांढरा दिसत तसाच पडून राहतो. मग शेतकरी म्हणतो "जिप्समनं काय फरक पडला नाही." जिप्समचा दोष नाही, आधी निचरा आणि मग पाणी हे कुणी चिठ्ठीवर लिहिलंच नाही.

नुसती क्षारपड, म्हणजे मीठ वर आलेली पण चोपण नसलेली जमीन असेल, तर तिथं जिप्समची गरज नसते. चांगलं पाणी आणि निचरा हेच औषध. तपासणी न करता गोण्या उचलू नका.

"एवढं करायला वेळ कुणाला?"

हा आक्षेप मला मान्य आहे. खत वेगवेगळं द्यायचं म्हणजे दोन दिवस, दोन खेपा, दोनदा फ्लश. रात्रीची लाईट, मजूर मिळत नाही, फवारणीवाला एका टाकीचे पैसे घेतो. दुकानदारालाही सीझनमधे दाराशी वीस माणसं उभी असतात. सल्लागार दिवसात दहा बागा फिरतो. कुणी मुद्दाम वाईट करत नाही.

पण चुकलेल्या मिश्रणाचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, तो ओळीच्या शेंड्याला दिसतो. खत वाया, ॲसिड, लॅटरल, कमी फुगवण हे सगळं आपल्याच पदरात पडतं. त्यापुढं दुसऱ्या दिवशी दुसरी खेप देणं स्वस्त आहे. मी आता सोमवारी कॅल्शियम देतो, गुरुवारी फॉस्फेट-सल्फेट. मधे साधं पाणी चालवून लाईन धुतो. वेळ जातो, पण जाळी परत काढावी लागलेली नाही.

दुसरा आक्षेप, "शेतकऱ्याला हे रसायनशास्त्र कळत नाही." हे मात्र मला मान्य नाही. जी माणसं पीपीएममधे जीए मोजतात, ब्रिक्स बघून माल काढतात, त्यांना "लिटरला किती विरघळतं" हे कळणार नाही? कळतं. त्यांना कुणी सांगत नाही.

माझी मागणी

दुकानदार आणि सल्लागार मित्रांना हात जोडून विनंती. चिठ्ठीवर खताच्या नावापुढं आणखी चार गोष्टी लिहा: कमीत कमी किती पाण्यात, कशाबरोबर नको, आधी काय आणि नंतर काय, आणि आमचं पाणी बोअरचं की कॅनॉलचं ते विचारून. दोन ओळी जास्त लागतील.

शेतकऱ्यांना विनंती. एक पारदर्शक लिटरची बाटली शेडमधे टांगून ठेवा. बॅरल भरायच्या आधी त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात, त्याच क्रमानं बाटलीत कालवा. बॅरलमधे लिटरला ५० ग्रॅम पडणार असेल तर बाटलीतही ५० ग्रॅमच, चिमूटभर नाही. तासभर ठेवा. ताक झालं, फुटी आल्या, साका बसला, तेल वर आलं, बाटली गरम लागली, की ते मिश्रण बॅरलमधे जाऊ द्यायचं नाही. बाटली स्वच्छ राहिली म्हणजे पान जळणार नाही याची खात्री मात्र मिळत नाही. ती बघायला आधी दोन-चार झाडांवर मारा आणि दोन दिवस थांबा.

आणि पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की काउंटरवरनं लगेच मागं फिरू नका. तिथंच विचारा, "किती पाण्यात?" उत्तर आलं नाही तर चिठ्ठी परत पुढं सरकवा.

तुमच्याकडं असं ताक झालेलं बॅरल असेल तर फोटो आणि काय काय घातलं होतं ते लिहून पाठवा. लाजायचं काही कारण नाही. पहिला फोटो माझाच आहे.